सहा बैलांची ओळखपरेड

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काहीएक संबंध नाही अशांसही, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जालना जिल्ह्यात एका बैलाची रीतसर ओळखपरेड घेणारा पहिला पोलीस अधिकारी आपल्याशी बोलत आहे. माझ्याआधी कोणी घेतली असल्यास त्याने पुढे यावे. स्वेच्छानिवृत्ती घेऊन मला तीन वर्षे झाली. अजून कोणी आलेले नाही.

नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, दंगलीत डोक्यावर दगड खाल्ला. त्यातलं बरंचसं आता विसरायला झालंय. पण ठाण्याच्या आवारात सहा बैल ओळीनं उभे, लिंबाखालच्या बाकावर दोन पंच, आणि त्यांच्या शेजारी हातात चहाचा कप घेऊन खुद्द आरोपी, ती सकाळ मात्र मनातून जात नाही. माणसांची नावं मी सांगणार नाही. बैलांची सांगतो, कारण त्यांच्याकडून नोटीस येण्याची शक्यता कमी.

मी तेव्हा घनसावंगी-परतूर पट्ट्यातल्या एका ठाण्यात होतो. आमच्या हद्दीत आणि शेजारच्या हद्दींत मिळून दोन वर्षांत नऊ बैल चोरीला गेले होते. जनावराची चोरी नवी नाही. नवी होती ती पद्धत. प्रत्येक बैल भर दुपारी गेला होता, शेतकरी जेवून झाडाखाली लवंडलेला असताना. आणि दर वेळी जोडीतला एकच बैल गेला होता. दुसरा तिथंच दावणीला.

आधी आम्हाला वाटलं, चोर घाईत असेल. मग कळलं, चोर आमच्यापेक्षा हुशार आहे. अनोळखी माणूस जोडी घेऊन निघाला की गावाच्या वेशीवरचा म्हातारा विचारतो, कुणाची रे बाबा? पण एकटा बैल कासऱ्याला धरून चाललेल्या माणसाला कोणी हटकत नाही. तो दवाखान्यात चाललेला असतो, नाहीतर बाजारात. उलट लोक त्याला रामराम घालतात. एका गावात तर एकीनं बैलाला बादलीभर पाणी पाजून वाटेला लावलं होतं.

चोरलेला बैल पुन्हा कुठंच दिसत नसे. बाजार पालथे घातले, वर्णनं पाठवली, काही नाही. याचं कारण चौथ्या चोरीनंतर समजलं, आणि ज्या दिवशी समजलं त्या दिवशी मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. एका शेतकऱ्याचा बैल चोरीला गेला. महिन्यानं त्यानं बाजारातून दुसरा आणला, अंगावर काळे पट्टे असलेला, आखूड शिंगांचा. घरी आणला तर बैल सरळ गोठ्यात गेला आणि जुन्या बैलाच्या खुंट्यापाशी जाऊन बसला. शेतकरी चारचौघांत कौतुक सांगत फिरला, "कसा लगेच रुळला बघा." दोन महिन्यांनी खालून नवे केस आले आणि पट्टे उतरायला लागले. त्याला त्याचाच बैल विकला गेला होता.

त्या दिवसापासून आम्ही चोराला 'पेंटर' म्हणू लागलो, आणि मला पेंटरचं वेड लागलं. मी काही अतिशयोक्ती करत नाही, माझी बायको साक्षीला आहे. ठाण्याच्या भिंतीवर मी नकाशा लावला होता, तो एक दिवस घरी आणला. त्याच्या शेजारी चोरीला गेलेल्या बैलांचे फोटो. बायको म्हणाली, "लग्नाला वीस वर्षं झाली, माझा एक फोटो भिंतीवर न्हाई. नऊ बैल मात्र बराबर लागले."

रस्त्यात बैल दिसला की मी जीप थांबवायचो. शिंगं पाहायचो, केस उलटे फिरवून मुळाशी रंग पाहायचो. लोकांना वाटायचं साहेबांनी शेती घेतली.

आता ज्या दिवसाची गोष्ट सांगायची तो पोळ्यानंतर आठेक दिवसांनी आला. बंदोबस्त आटोपून दुपारी मी परतत होतो. जीप आमचे हवालदार चालवत होते. हे हवालदार शेतकऱ्याच्या घरातले, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, बोलायचे कमी. रस्त्याच्या कडेनं एक माणूस पांढराशुभ्र बैल घेऊन चालला होता. धुळीसाठी डोक्याला आणि तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. मी जीप थांबवायला लावली.

"कुठले तुम्ही?"

"ह्या बाजूचाच की साहेब. डॉक्टरला दाखवून आणू राह्यलो. खात न्हाई दोन दिवस."

"एकटा माणूस, एकटा बैल, असं कोणी दिसलं का वाटेत?"

त्यानं नीट विचार केला. अगदी आठवून पाहिल्यासारखा. "न्हाई बा. पण साहेब, तुम्ही फिरू राह्यले ते बरं हाय. लई चोऱ्या व्हायल्यात." मग खाली पाहून म्हणाला, "जरा कासरा धरता का? चपलीत काटा मोडलाय."

मी धरला. तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला, चप्पल काढली, सावकाश काटा काढला, चप्पल झटकली. तोवर बैल माझ्या युनिफॉर्मची बाही चाटत होता. मी त्याच्या मानेवरून हात फिरवला. त्या माणसानं कासरा परत घेतला, "मेहेरबानी साहेब" म्हणाला आणि निघाला.

तासाभरानं ठाण्यात फोन आला. एका गावात दुपारी बैल गेला होता. पोहोचलो. शेताच्या बांधावर मालकीण उभी होती, पन्नाशीची, हातात विळा तसाच. तिला सगळं गाव मावशी म्हणायचं, मीही तेच म्हणू लागलो. तिचा नवरा, मामा, जवळच डोकं धरून बसला होता. मी वही काढली.

"वर्णन सांगा मावशी."

"पांढरा. शिंगं बाहेर गेलेली, लांब. शिंगाला पोळ्याचा रंग हाय अजून. हौश्या नाव. उजव्या अंगाचा हाय तो, डाव्या अंगाला बादल." जोडीतल्या बैलांची जागा ठरलेली असते, हे शेतीचं काम न पाहिलेल्यांसाठी सांगतो. एक जन्मभर जुवाच्या उजव्या बाजूला चालतो, दुसरा डाव्या. बाजू बदलली तर बैल पाऊलसुद्धा टाकत नाही.

"आणखी काही खूण? सवय?"

"माणसाची बाही चाटतो मेला. कुणी बी येऊ द्या."

हवालदारांनी माझ्या उजव्या बाहीकडे पाहिलं. ती अजून वाळली नव्हती. मी हात पाठीमागं घेतला. हवालदार लगेच बादलची दावण तपासायला वळले. माणूस म्हणून त्यांची किंमत मला त्या क्षणी कळली.

मी ही गोष्ट लपवली नाही. स्टेशन डायरीत नोंद केली, वेळ आणि ठिकाणासह. फक्त अक्षर असं काढलं, की पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी ते पान चष्मा लावून आणि चष्मा काढून दोन्ही प्रकारे पाहिलं आणि उलटलं.

निघताना मावशी जीपपर्यंत आली. "साहेब, दसऱ्याच्या आत ज्वारी पेरायची. बादल एकटा काय करंल? आन् तो खाईना. दुपारपासून वाटेकडं तोंड करून उभा हाय. हे म्हणू राह्यलेत, हौश्या न्हाई सापडला तर बादल बी विकून टाकू. एकट्याचं काय करायचं?" मग थोडं थांबून म्हणाली, "त्यो विकायचा न्हाई मला."

मी शब्द देऊन बसलो. दसऱ्याच्या आत हौश्या तुमच्या दारात. जीपमध्ये बसल्यावर हवालदार म्हणाले, "साहेब, नऊ बैलांचा शब्द न्हाई दिला, दहाव्याचा दिला." मी बाही दुमडून घेतली.

खबर कशी मिळाली ते सांगतो, आणि त्याचं श्रेय माझं नाही. चार-पाच दिवस मी बाजार, दलाल, टेम्पोवाले यांच्यामागं डोकं फोडत होतो. हवालदार एके दिवशी चहा पिताना म्हणाले, "साहेब, बैलाचं काही सामान कधी एकटं घेतलेलं पाह्यलंय का?"

"म्हणजे?"

"एका बैलाच्या तोंडाची दोरी, म्होरकी, तुटली तरी शेतकरी दोन घेतो. एकाला नवी आन् दुसऱ्याला जुनी, असं कुणी ठेवत न्हाई. घरातली बाई त्या दिवशी जेवायला वाढायची न्हाई. पण ह्याच्याकडं बैलच एक. शेतकऱ्याच्या घरची म्होरकी तो ओळखू येईल म्हणून टाकून देणार. बाजारात उभा करायच्या आधी नवी घेणार. एकच घेणार."

मी चहाचा कप खाली ठेवला. दोन वर्षं मी शिंगांकडे पाहत होतो आणि हा माणूस दोरीकडे पाहत होता.

चार तालुक्यांतल्या बाजारांत दोर, म्होरक्या, घुंगरमाळा विकणाऱ्यांना आम्ही गाठलं. सगळ्यांना एकच सांगितलं, कोणी एकच मागितलं तर फोन करा. काही हसले. आष्टीच्या बाजारातला एक म्हातारा दोरवाला मात्र हसला नाही. तिसऱ्या आठवड्यात सकाळी त्याचा फोन आला, आवाज दबलेला.

"साहेब, एकच म्होरकी मागितली एकानं. मी म्हणलं, जोडी घ्या की. तर म्हणला, एकच पाहिजे. मी म्हणलं, दुसरा नाराज होईल. तर हसला आन् म्हणला, दुसरा न्हाई."

साध्या कपड्यांत बाजारात पोहोचलो, तिथल्या ठाण्याला कळवून. म्हाताऱ्यानं हनुवटीनं दाखवला. पंचेचाळिशीचा, बारीक, स्वच्छ पांढरे कपडे. शेजारी बैल. आणि बैल पाहून माझी उमेदच खचली. अंगभर काळे ठिपके, तोंड काळं, शिंगं आखूड आणि टोकाला पितळी टोपणं. कानात पिवळा सरकारी बिल्ला. हौश्याशी त्याचा काही संबंध वाटेना. मी जवळ गेलो, दर विचारायचं सोंग करून उभा राहिलो.

बैलानं माझी बाही चाटायला सुरुवात केली.

मी पेंटरकडे पाहिलं. पेंटरनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं मला ओळखलं होतं, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. तो अतिशय अदबीनं म्हणाला, "चला साहेब. बैलाला आधी पाणी पाजू, मंग जाऊ."

ठाण्यात आणला. अटकेची वेळ नोंदवली, सकाळचे अकरा. म्हणजे दुसऱ्या दिवशी अकराच्या आत न्यायालयापुढं उभा करायचा, आणि तोवर हातात काहीतरी हवं. बैल मुद्देमाल म्हणून लिंबाला बांधला. मुद्देमालाला वैरण कोण घालणार यावर दोन शिपायांत वाद झाला, तो हवालदारांनी स्वतः कडबा आणून मिटवला.

चौकशीत पेंटर खुर्चीवर ताठ बसला. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. बैल कुठून घेतला, तर अमुक बाजारातून. पावती आहे? आहे. बिल्ल्याचा नंबर? पावतीवर तोच. जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन नंबर तपासला, खरा निघाला. पुढं कळलं, तो एका मेलेल्या बैलाचा होता. त्या दिवशी कळलं नव्हतं. आम्ही बैलाला साबणानं धुतला, रॉकेलनं एक ठिपका पुसून पाहिला. ठिपका तसाच. तपासणीसाठी नमुने पाठवता येतील, पण निकालाला आठवडे लागतील, असं डॉक्टर म्हणाले. पेंटर बाकावरून शांतपणे पाहत होता. "जोरात घासू नका साहेब," तो म्हणाला, "कातडी नाजूक असती त्याची."

मी आवाज चढवून पाहिला, गोड बोलून पाहिलं. ठिपके रंगवलेत का, विचारलं. तो म्हणाला, "साहेब, तुमचा बैल असला तर ओळखा. मी बिलकुल आडवा येत न्हाई."

दुपारी मामाला बोलावलं. मामानं बैलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. कान पाहिले, खूर पाहिले. मग शहाण्या शेतकऱ्यानं करावं तेच केलं. जू मागवलं. दोन शिपायांनी ते धरलं आणि बैलाला मोकळा सोडला. बैल चालत गेला आणि निमूटपणे डाव्या बाजूला उभा राहिला. मामानं त्याला उजवीकडं ओढला, तो पुन्हा डावीकडं आला. तीनदा केलं, तीनदा तेच.

मामाचा चेहरा पडला. "साहेब, आमचा हौश्या जन्मात कधी डाव्या अंगानं गेला न्हाई. बाही कुणाचा बी बैल चाटतो, घामाचं मीठ असतं. हा आमचा न्हाई."

"बराबर बोलले मामा," पेंटर म्हणाला. आणि त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच मला जास्त लागलं.

मामा बसनं परत गेला. मी केबिनमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बिल्ला त्याच्या बाजूनं, पावती त्याच्या बाजूनं, डॉक्टर त्याच्या बाजूनं, आता फिर्यादीसुद्धा त्याच्या बाजूनं. माझ्या बाजूनं एक ओली बाही. उद्या अकराला मी त्याला सोडणार, सन्मानानं, आणि बैलही त्यालाच देणार. कदाचित कासरा मीच हातात ठेवीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ठाण्याच्या दारात गलका झाला. बाहेर येऊन पाहतो तर मावशी. पायांवर धूळ गुडघ्यापर्यंत, आणि हातात कासरा. कासऱ्याला बादल, बरगड्या दिसणारा. दोन कोस चालत आली होती.

"हे म्हणले, तो आपला न्हाई," मावशी म्हणाली. "मी म्हणलं, तुम्ही कोण सांगणार? तुम्ही काय त्याच्या शेजारी चालले का सात वर्षं? ज्याला कळतं त्याला घेऊन आले."

मागून मामा आला होता, मान खाली घालून. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांच्या डोक्यात एकाच वेळी एकच गोष्ट आली.

ओळखपरेड. आणि ती कायद्यानं, म्हणजे उद्या कोणी बोट ठेवायला नको. मालमत्तेची ओळख असल्यानं दोन पंच पुरेसे होते. मिळतीजुळती जनावरं हवीत, म्हणून हवालदारांनी गल्लीतून पाच बैल आणले. त्यातला एक त्यांच्या मेहुण्याचा होता, लालभडक. "हा कुठं मिळताजुळता?" मी विचारलं. "साहेब, बैल हाय," हवालदार म्हणाले. तो परत पाठवून ठिपक्यांचा दुसरा आणला. परेडमध्ये कुठल्या जागी उभं राहायचं हे संशयितानं ठरवायचं असतं. संशयित बोलू शकत नव्हता, म्हणून त्याच्या वतीनं पेंटरला विचारलं. पेंटर गंभीरपणे म्हणाला, "पाच नंबर." मावशीला बैल पाहू न देता आत बसवलं. बादलला आणून जुवाच्या डाव्या बाजूला उभा केला. मग एकेका बैलाला उजव्या बाजूला आणायला सुरुवात झाली.

पहिल्याला बादलनं शिंग दाखवलं. तो मागं सरला. दुसऱ्याकडे पाहिलंच नाही. तिसरा जुवाखाली यायला तयार होता, पण बादल अंग काढून बाजूला झाला. चौथ्यानं जवळ येऊन हुंगलं, तर बादलनं त्याला असा ढोसला की शिपायाच्या हातातला कासरा सुटला. पंच लिहीत होते. पेंटर चहा पीत होता.

पाचवा बैल निघाला. कालसारखाच तो डाव्या बाजूला वळला. तिथं बादल होता. तो थांबला. शिपायानं ओढलं, हलला नाही. बादलनं मान वळवली, आणि घशातून एक आवाज काढला, हंबरडा नव्हे, बारीक, गुरगुरल्यासारखा. गावात गोठ्याजवळ झोपलेल्या माणसांना तो ओळखीचा असेल. ठिपक्यांचा बैल उभ्या जागी थरथरला. मग त्यानं बादलच्या मागून वळसा घातला, उजव्या बाजूला आला, आणि कोणी जू उचलायच्या आत स्वतः मान खाली घालून आत शिरला. दोन्ही शिपायांच्या हातातलं जू त्यानं मानेनंच वर उचललं.

बादलनं खांदा त्याच्या खांद्याला टेकवला आणि त्याच्या कपाळावरून जीभ फिरवायला लागला. ठिपका काही निघाला नाही. रंग पक्काच होता.

मावशीला बोलवायला हवालदार आत गेले. ती दारात आली, तिथंच पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावला. तेवढ्यात पेंटर उभा राहिला. त्याच्या हातातला कप पडून फुटला, आणि त्याच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं. त्या एका वाक्यात तो फुटला. ते वाक्य मी शेवटी सांगणार आहे, कारण ते कुठल्याच कागदावर नाही.

त्यानंतर त्यानं काही लपवलं नाही. अकराच्या आत त्याला न्यायालयापुढं उभा केला, पोलीस कोठडी मिळाली. पंचांसमोर निवेदन दिलं, आणि बदनापूरच्या बाजूची त्याची पत्र्याची खोली दाखवली. आत एक लोखंडी पेटी. काळ्या मेंदीच्या पुड्या, केसांच्या रंगाच्या बाटल्या, चार दात घासायचे ब्रश, शिंगं तासायची कानस, मेण, पितळी टोपणं, आणि पिवळ्या बिल्ल्यांनी भरलेला डबा. पेटी अशी लावलेली, की आमच्या मुद्देमालाच्या खोलीनं लाजावं. हा माणूस तरुणपणी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं आणि फुलं रंगवायचा.

संध्याकाळच्या आत तो म्हणाला, "साहेब, रंग मी चढवलाय, मीच उतरवतो. तुमच्या माणसांच्या हातानं जनावराला इजा होईल." पंचांसमोर, व्हिडिओ चालू ठेवून परवानगी दिली. त्यानं डब्यातलं कसलंसं मिश्रण कालवलं, ब्रश घेतला, आणि एकेक ठिपका असा उतरवला की खालचं पांढरं अंग उगवत आल्यासारखं वर आलं. ठाण्यातलं काम बंद पडलं. वायरलेसवाला बाहेर आला. आमचे मोठे साहेब पत्रकारांना माहिती द्यायला जालन्याहून आले होते, ते टोपी काखेत धरून अर्धा तास तसेच उभे राहिले. पत्रकार वह्या खिशात घालून पुढं सरकले. बैल डोळे मिटून उभा होता. शिंगांपाशी आल्यावर पेंटर थांबला. "शिंगं मात्र परत येणार न्हाईत," तो खाली पाहून म्हणाला. सगळ्या दिवसात त्याला लाज वाटलेली मी पाहिली ती तेवढीच.

उरलेल्या नऊ बैलांचे पत्ते त्यानं तोंडपाठ सांगितले. सात मिळाले. गुन्हा त्यानं न्यायालयात कबूल केला आणि शिक्षा भोगली. ताब्याचा आदेश मिळाल्यावर हौश्या दसऱ्याच्या तीन दिवस आधी मावशीच्या दारात गेला. मी स्वतः गेलो होतो, पूर्ण बाहीचा शर्ट घालून. बादल त्या दिवशी कडब्याच्या दोन पेंढ्या खाऊन मोकळा झाला.

या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. चोर कसा पकडावा हे तर हवालदारांना आधीच माहीत होतं. मी शिकलो ते वेगळं. आम्ही सगळे बैलाकडे पाहत होतो, मी रंगाकडे, डॉक्टर बिल्ल्याकडे, मामा त्याच्या सवयीकडे, आणि पेंटरनं यातली प्रत्येक गोष्ट बदलून ठेवली होती. त्यानं हिशेबात धरलं नाही ते फक्त मागं सोडलेल्या दुसऱ्या बैलाला. दहा वेळा त्यानं जोडीतला एकच नेला, आणि दहा वेळा आपला एकमेव साक्षीदार दावणीला बांधून ठेवून गेला. पुढच्या नोकरीत माणूस हरवल्याची तक्रार आली की मी आधी फोटो मागत नसे. विचारत असे, याच्या शेजारी रोज कोण बसायचं? त्याला बोलवा.

पेंटरबद्दल राग मनात राहिला नाही. इतक्या कौशल्याचा माणूस मी पोलिसांत पाहिला नाही आणि चोरांतही नाही. आता ते वाक्य. पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात धरत नाहीत, म्हणून पंचनाम्यात ते नाही, आरोपपत्रात नाही. कायद्याच्या दृष्टीनं ते उच्चारलंच गेलं नाही. पण आवारातल्या प्रत्येकानं ते ऐकलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, पंचांकडेही नाही. मान आपणहून जुवाखाली घातलेल्या त्या बैलाकडे तो पाहत होता, एखाद्या मास्तरानं आवडत्या विद्यार्थ्याकडे पाहावं तसा, आणि म्हणाला:

"अरं लेका, सतरा दिवस डाव्या अंगानं जुंपून शिकवला तुला, आन् जोडीदार दिसला की गेलास का उजवीकडं!"